निजमायला टोपलीभर माती

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात मला सातवा महिना होता. साक्रीकडच्या आमच्या गावापासून खडी फोडायचं सरकारी काम सहा मैलांवर. रोज चालत जायचं, चालत यायचं. माझ्या पायांवर सूज चढली. सासूबाई, भिकुबाई, संध्याकाळी माझे पाय पाहत असत.

मार्चमध्ये सर्वेवाले साहेब आले. विमानातून काढलेले फोटो त्यांनी पारावर मांडले. सागाची पानं झडलेली, त्यामुळे जंगलाखालची जमीन दिसत होती. नाल्याला आडवी, धनुष्यासारखी वाकलेली एक रेघ, मधेच तुटलेली. साहेब म्हणाले, हा जुन्या तलावाचा मातीचा बांध. तुटका भाग भरला तर पाणी अडेल, आणि काम गावातच निघेल.

पण ती रेघ म्हणजे आमची निजमाय. जंगलातला तो लांब उंचवटा झोपलेली देवी आहे, असंच सगळे मानत. तिथे अवजार न्यायचं नाही, पोटुशी बाईनं चढायचं नाही. माझे मालक चुडामणसुद्धा म्हणाले, नको, मायचा कोप होईल. साहेब फोटो गोळा करू लागले.

मायची पूजा सासूबाईंकडे होती. त्यांनी फोटो मागितला, उलटा धरला. साहेबांनी सुलटा करून दिला. तो नीट पाहून सासूबाईंनी विचारलं, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवी सून मायला काय वाहते? ते सगळ्यांना ठाऊक होतं: आपल्या शेतातली टोपलीभर माती.

"मंग साहेब काय येगळं मांगस? टोपल्याच जास्ती शेतस." सासूबाई म्हणाल्या. मागणं तेच, टोपल्या तेवढ्या जास्त.

चुडामणनं पोटुशीचा नियम काढला.

"सूज तुना पायले शे का तिना?" सासूबाई म्हणाल्या. "माय शे ती. पोटुशी पोरवर माय संतापस का?"

पहिली टोपली त्यांनी माझ्याच डोक्यावर दिली, अर्धी भरून. माती दुरून, नाल्याच्या पात्रातून आणली. तुटका भाग भरला, पण मायला कुदळ लागली नाही. दुपारी मी घरी येऊन पाय लांब करून पडत असे. जेठ महिन्यात मुलगी झाली, धडधाकट.

तलाव होता हे सगळे केव्हाच विसरले होते, पण कित्येक पिढ्यांच्या सुना बांधावर माती टाकत राहिल्या. त्यांची नावं मला माहीत नाहीत. भिकुबाईंचं माहीत आहे. दर आखाजीला मी अजून टोपली नेते. अर्धीच. त्यांनी मला तेवढीच उचलू दिली होती.