तिसऱ्या मजल्यावरचं पीस

“मनुष्याच्या रक्तात सागर उसळतो आणि माझ्याशिवाय त्याला कोणी आवरू शकत नाही,” असं महाराज म्हणाले आणि त्यांना उचकी लागली. शिष्याने पाण्याचा पेला पुढे केला. उचकीने जुमानलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दालनातली गर्दी जिन्यापर्यंत आली होती. लिफ्टवर ‘बंद’ अशी पाटी. धापा टाकत वर आलेल्याला शिष्य दारातच रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि नुसती मान हलवायचा. ती मान बघून धडधाकट माणूसही भिंतीचा आधार शोधायचा. मग महाराज त्याला डोळे मिटून बसवायचे, कपाळावरून पीस फिरवत राहायचे. आकडा खाली यायचा. माणसं पायांवर लोळण घ्यायची.

दादा आणि मी वहिनींना घेऊन आलो होतो. त्यांचाही आकडा उतरला.

“रक्तदाबाच्या गोळ्या फेकून दे, माई,” महाराज म्हणाले.

गेल्या आठवड्यात बोलता बोलता वहिनींची जीभ जड झाली होती. तेव्हापासून दादा मधूनच त्यांना काहीबाही विचारतो आणि शब्द स्पष्ट आले की श्वास सोडतो. त्यांची मुलगी डॉक्टर आहे, पण पोटच्या पोरीचं औषध कुणाला पटतं?

ती मागून आली होती. पुढे होत मला म्हणाली, “काका, एक मजला उतरून परत या बरं.”

“माझ्या वयाकडे तरी बघ.”

“बघूनच एक म्हटलं.”

आलो. माझा आकडा बघून दादाच मटकन खाली बसला. पुतणीने मला खुर्चीत बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. जन्मात एवढा गप्प बसलो नव्हतो. आकडा उतरला, पीस न फिरवता.

“माझी शक्ती खोलीभर पसरली आहे,” महाराज म्हणाले.

“मग आईचा पुन्हा बघू.”

वहिनी घाबरून बसल्या होत्या. आकडा पुन्हा वर गेला होता.

“रक्तदाबात चढउतार असतातच,” पुतणी सगळ्यांकडे वळली. “जिना चढलात, घाबरलात की वाढतो, निवांत बसलात की उतरतो. आणि लिफ्ट चालू आहे, मी तिनेच आले. पाटी यांनी लावलीय. घरी मोजा, शांत बसून, पुन्हा पुन्हा. एका आकड्यावर गोळी सोडू नका.” मग हळूच म्हणाली, “आई, तुझा उतरलेला आकडाही जास्तच होता गं.”

वहिनींनी रुमालाची गाठ सोडली. आत गोळी होती.

“महाराज,” त्या म्हणाल्या, “तो पाण्याचा पेला जरा इकडे देता?”