बाबांच्या अंगठ्याचा खळगा

ताईने पर्समधून प्लॅस्टिकची सीलबंद डबी काढली आणि भावाच्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर ठेवली.

"फोड."

"वेड लागलंय का? फोडायला का बंद करून घेतली?"

घ्या! विचारलं होतं का कोणाला? बाबा जाऊन महिना होतो न होतो, तोच या शहाण्याने त्यांच्या खिशातलं जुनं नाणं पारखून सीलबंद करून देणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. ते असं कायमचं कोंडून परत आलं, वर शेरा 'अतिशय झिजलेले'. झिजेल नाहीतर काय! बाबा बस चालवायचे. सिग्नल लागला की हात खिशात, अंगठा नाण्यावर. त्यावरच्या राजाचं नाक गेलं, मग तोंड गेलं, उरला नुसता खळगा. पोरांपैकी कोणी रडलं, कोणी परीक्षेला निघालं, की बाबा ते मुठीत द्यायचे. नेहमी गरम असायचं. ताई वर्षभर प्लॅस्टिकवरून बोट फिरवत बसली होती.

"वाटणीत माझ्याकडे आलंय ते," ती म्हणाली. "आणि तू कोंडलंस कशाला, तर म्हणे किंमत राहील!"

"किंमत गेली खड्ड्यात." भावाने मान वर केली नाही. "तू हात लावणार, मी लावणार, तुझी पोरं लावणार. बाबांचा अंगठा पुसला जाईल गं, ताई."

हे ताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर मनातल्या मनात याला काय काय सुनावून झालं होतं!

"अरे, पण त्यांचा हात कसा लागायचा तेच मला आठवेनासं झालंय," ती कशीबशी म्हणाली.

भावाने खण उघडून कटर काढला.

"हातोडी नाही ना मारणार?"

"गप्प बस आणि दिवा धर."

त्याने डबी फडक्यात गुंडाळली, नाण्यापासून लांबचा एक कोपरा तेवढा बाहेर ठेवला आणि तो कटरने तोडला. फटीत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळला. जोडावरून डबी उकलत गेली. नाणं त्याने कडेला धरून मऊ फडक्यावर ठेवलं.

"कडेलाच धर हं."

कसलं काय! ताईने सरळ खळग्यात अंगठा ठेवला. तिच्या अंगठ्याला तो मोठा होत होता. आणि नाणं गार होतं, कुठल्याही नाण्यासारखं. तिला रडूच आलं. तिने मूठ घट्ट मिटली आणि स्टुलावर बसून राहिली. एक गिऱ्हाईक आलं, चष्मा घेऊन गेलं, तरी मूठ मिटलेलीच.

मग तिने भावाचा हात ओढला आणि त्यात नाणं ठेवलं.

"घे."

त्याने घाबरत घाबरत अंगठा टेकवला. त्याला तो खळगा बरोब्बर बसला.

"गरम आहे गं," तो म्हणाला.

नाणं परत द्यायचं त्याने नाव काढलं नाही. ताईनेही त्या दिवशी मागितलं नाही.