डावा बंपर

घड्याळजी आणि शिंपी हे सख्खे भाऊ, पण चार वर्षांपासून दोघांमध्ये विस्तवही जात नव्हता. वडिलांच्या मागे घर, दुकानं, अगदी चमचेसुद्धा वाटून झाले. घोडं अडलं ते गाडीपाशी. विकायला दोघांचाही नकार. शेवटी गाडीची उभी वाटणी झाली. डावी बाजू थोरल्या घड्याळजींची, उजवी धाकट्या शिंप्याची. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे चालवायचा शिंपीच. घड्याळजी आपल्या दारानं आत शिरायचे, कुठं जायचं ते चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवायचे, आणि दोघं अवाक्षर न काढता जाऊन यायचे.

अशीच एक चिठ्ठी वाचून शिंप्यानं एका सकाळी गाडी कोटिंगवाल्या बाईंच्या शेडमध्ये आणली.

“बंपर बघा बाई, उन्हानं राखेसारखे झालेत,” घड्याळजी म्हणाले. “दोन्हींना ते सिरॅमिक कोटिंग करा. पण फक्त डाव्या अर्ध्याला.”

“आणि उजवा अर्धा?”

“तो ह्यांचा.”

“मला काही नको,” शिंपी भिंतीकडे बघत म्हणाला. “म्हातारं प्लास्टिक म्हातारं दिसलं तर काय बिघडलं?”

बाईंनी पंधरा वर्षांत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. शिंप्यानं गळ्यातली टेप काढून दोन्ही बंपरांचा मध्य काढला, खडूनं रेघ मारली आणि बजावलं, “माझ्या हद्दीत एक थेंब आला तर बघा!”

दोघं निघून गेल्यावर बाई कामाला लागल्या. बंपर धुतले, वाळवले, तेलकटपणा पुसून काढला, खडूच्या रेघेवर चिकटपट्टी लावली. मग स्पंजच्या ठोकळ्यावर कापड गुंडाळून त्यावर कोटिंगचे चार थेंब घेतले आणि आडवे-उभे हात मारले. थोडं थांबून मऊ फडक्यानं जास्तीचं पुसलं. प्लास्टिक नव्यासारखं काळंभोर झालं. आधी पुढचा बंपर केला, मग मागं जाऊन मागचा.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. घड्याळजी पुढच्या बंपरासमोर उभे राहिले आणि त्यांचा पारा चढला.

“हा तर उजवा!”

“डावाच आहे की,” बाई म्हणाल्या आणि गाडीकडे तोंड करून डावा हात वर केला. मग त्यांच्याच लक्षात आलं. त्या पुढं उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा डावा म्हणजे गाडीचा उजवा होता. मागं मात्र डावा तो डावाच. गाडी तिरपी काळी झाली होती. बाईंनी कपाळाला हात लावला.

“माझं प्लास्टिक कुणाला विचारून काळं केलंत?” शिंपी कडाडला.

“अरे, माझं कोटिंग लाटलंस आणि वर तोंड करून बोलतोस?” घड्याळजी थेट त्याच्यावर घसरले.

“मी लाटलं? घे, खरवडून घे!”

चार वर्षांचं न बोलणं दोघांनी दहा मिनिटांत भरून काढलं. बाई मध्ये पडल्या. “चूक माझी आहे. उरलेले दोन्ही अर्धे फुकट करून देते.”

“फुकटचं नको,” शिंपी म्हणाला.

“त्याला माझ्यामुळं फुकट मिळता कामा नये,” घड्याळजी म्हणाले.

“मग काढून टाकू? पण घासावं लागेल. प्लास्टिकवर ओरखडे राहतील.”

ओरखडे दोघांनाही नको होते. बराच वेळ डोकं खाजवून घड्याळजींनीच तोड काढली. “वाटणीच बदलू. काळं ते माझं, पांढरं ते ह्याचं. पुढं उजवीकडे मी, मागं डावीकडे मी.”

“कबूल!” शिंपी म्हणाला. बाईंच्या पावतीच्या पाठीवर दोघांनी सह्या केल्या.

घड्याळजी ऐटीत आपल्या नव्या जागेवर जाऊन बसले. शिंपी पुढं डावीकडे बसला. दारं लागली. गाडी जागची हलली नाही.

पाच मिनिटांनी बाईंनी काचेवर टकटक केलं. “काका, काय झालं?”

“मला चालवता येत नाही,” घड्याळजी समोर बघत म्हणाले.

“मग ह्यांना बसू द्या.”

“माझी जागा आहे ती.”

“आणि मी दुसऱ्याच्या जागेवर बसत नसतो,” शिंपी म्हणाला.

बाहेर दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. बाईंनी हात जोडले. तेव्हा शिंपी सुस्कारा टाकून म्हणाला, “डावा पाय क्लचवर ठेव. डावा! तुझा डावा!”

“माझाच आहे!”

“तो ब्रेक आहे, दादा.”

गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा आचके देत फाटकातून बाहेर गेली. बाईंनी मागून ओरडून सांगितलं, “आजचा दिवस पाणी लागू देऊ नका!” पण आतल्या आरडाओरड्यात कुणाला ऐकू गेलं नाही. कोपऱ्यावर गाडी पुन्हा थांबली. “हळू सोड, हळू!” असा शिंप्याचा आवाज आला. पायी जाणारे दोघे तिला मागं टाकून पुढं गेले. बाईंनी हात पुसले आणि दुसरी गाडी आत घेतली.