दार डावीकडे होतं

पस्तीस वर्षांनी त्या सिनेमाचा दुसरा भाग काढायची बुद्धी कुणाला सुचली देव जाणे, पण ताईला बोलावणं आलं आणि ती हरखून गेली. पहिल्या भागात ती घरातली सून होती. तिला रोज एका बंद खोलीतून कुणाचं तरी खोकणं ऐकू येतं, आणि सगळे मिळून तिलाच वेडी ठरवतात. आता तीच बाई म्हातारी होऊन त्याच घरात परतते, अशी गोष्ट. मी धाकटी बहीण. सोबत म्हणून गेले आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन एक खुर्ची अडवून बसले.

सेटवर ते घर हुबेहूब उभं केलं होतं. जुने आराखडे कधीच रद्दीत गेलेले, म्हणून त्या मंडळींनी सिनेमा थांबवत थांबवत पाहून एकेक खिळा ठोकला होता. त्याचं त्यांना कोण कौतुक!

पहिलाच प्रसंग त्या खोलीचा. ताईने अंधाऱ्या बोळातून चालत जाऊन दार उघडायचं होतं. ती ठरल्याप्रमाणे चालत गेली, डावीकडे वळली आणि तिचा हात भिंतीवर आपटला. दार उजवीकडे होतं.

"इथेच होतं," ती म्हणाली.

"काही हरकत नाही, मॅडम," दिग्दर्शक मऊ आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं झाली. होतं असं."

पुढच्या खेपेलाही ती डावीकडेच वळली. मग त्याने तिला फोनवर जुनं दृश्य दाखवलं. त्यात ती स्वतः, चांगली तरणीताठी, उजवीकडचं दार उघडत होती. ताई पांढरीफटक पडली. आमच्या आईला याच वयात विसरायला व्हायला लागलं. शेवटी शेवटी ती आम्हा दोघींना शेजारणी समजायची. त्या धास्तीने ताई रोज सकाळी घरच्यांचे फोन नंबर घोकते, हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं.

नंतर ती बरोबर वळली, पण कडी काढण्याआधी दार खरंच तिथे आहे ना, हे तिने दोनदा चाचपून पाहिलं.

"काय भीती दाखवलीत, मॅडम! पहिल्या भागाच्या वरताण," दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार काय? पुरावा तिच्याच चेहऱ्याचा होता.

घरी येऊन ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला चैन पडेना. मी तो सिनेमा लावला आणि पुढेमागे करत बसले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ताईच्या डाव्या गालावर तीळ आहे. सिनेमाभर तो डावीकडेच दिसतो, फक्त दाराच्या त्या दृश्यात उजव्या गालावर आहे. जोडताना कुणीतरी तेवढा तुकडा आरशातल्यासारखा उलटा करून लावला होता, आणि तो बोळ दुसऱ्या कुठल्याच दृश्यात नसल्यामुळे या शहाण्यांनी त्या उलट्यावरूनच तो बांधला. माझा जीव भांड्यात पडला.

ताईला उठवून टीव्हीसमोर बसवलं.

"बघ, तू चुकली नाहीस. दार डावीकडेच होतं, हे दृश्यच उलटं आहे. तो तीळ बघ, कुठल्या गालावर आहे?"

तिने बराच वेळ पाहिलं. "उजव्या."

"मग?"

ताईने हात वर केला. उजव्या गालावरून बोटं फिरवली, मग डाव्या गालावरून, मग पुन्हा उजव्या. तीळ सपाट, बोटांना काही लागेना.

"आणि माझा कुठे आहे गं?" तिने विचारलं.