सहा महिन्यांची सुई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चारुलता नरडाण्याला घरी गेली आणि आमरस-मांड्यांनी जिभेसकट सैल सुटली. तिची आई धुरपदाबाई साखरेची जुनी रोगी. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज, म्हणून दर महिन्याला एसटीनं धुळ्याला जायचं आणि त्या डोळ्यात सुई टोचून घ्यायची. औषध प्रथिनाचं, महिन्याभरात संपणारं. जळगावच्या प्रयोगशाळेत चारुलता तीन वर्षं त्याच्याच मागे होती. हे प्रथिन नजरेला न दिसणाऱ्या मण्यांत कोंडायचं. मणी शरीरात हळूहळू विरघळतो, तसं ते थोडं थोडं सुटत राहतं.

"आपली सुई आली की सहा महिन्यांतून एकदाच," ती आईला म्हणाली. किती वर्षांनी येईल ते सांगायचं राहिलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलीच गत. पण आईचा चेहरा असा फुलला, की पुढचं बोलवेना.

नंतरचे तीन महिने चारुलता फोनवर रोज विचारायची, जेवलीस का, साखर किती आली. सुईचं मात्र विचारलं नाही. जातच असेल, असं तिनं धरून टाकलं होतं.

श्रावणात एका सकाळी धुरपदाबाई एकटीच रेल्वेनं जळगावला आली. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, कोपर खरचटलेलं. स्टेशनची पायरी दिसली नव्हती.

"मी उनू," ती म्हणाली. "टोच तुनी सुई. तीन महिना धुयाले गऊच नही मी. घरनी सुई ऱ्हाता दुसरानी कशाले?"

धुळ्याच्या तीन सुया चुकल्या होत्या, आणि चारुलताच्या हातात त्याच सकाळच्या चाचणीचा कागद होता. मण्यांतलं निम्म्याहून जास्त प्रथिन पहिल्याच दिवशी बाहेर पडलं होतं. उरलेलं आत अडकून बसलं होतं. हा चौदावा प्रयत्न. प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शकांना हे सांगताना तिला लाज वाटली नव्हती. आता वाटली.

"माय, मनी सुई व्हयेलच नही," ती कशीबशी म्हणाली. "पहिलाच दिन बठ्ठं सांडी जास. मी तुले उगाच सांगं."

 धुरपदाबाई पदर सारखा करत म्हणाली, "मी बठ्ठी गल्लीले सांगेल शे." सगळ्या गल्लीत झालेला बोभाटा सांगतानाही तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच चारुलताला जास्त लागलं.

दुपारच्या एसटीनं दोघी धुळ्याला गेल्या. डॉक्टरांनी डोळा तपासला. गेलेली नजर सगळी परत येणार नाही, म्हणाले. उरलेली धरून ठेवू, पण आता एकही महिना चुकवायचा नाही. चारुलता भिंतीकडे तोंड करून रडली. चूक तिची होती, आणि ती कुठल्याच मण्यात कोंडता येणारी नव्हती.

धुरपदाबाईनं चाचपत तिचा हात धरला.

"खरं सांग. कितला वरीस लागतीन तुले?"

या वेळी चारुलतानं काही झाकलं नाही. "दहा. जास्तबी लागतीन. व्हईच, आशे बी नही."

"दहा," धुरपदाबाईनं मनाशी हिशेब केला. तिला बासष्टावं चालू होतं. "मंग हाऊ डोया टिकाडना पडी. नहीतं तुनी सुई कोठे टोचशी?"

आणि या महिन्याची सुई टोचून घ्यायला ती स्वतःच दवाखान्यातल्या खाटेवर आडवी झाली.