साक्षीदाराची जागा

मायदेशी परत जायचं नक्की झालं आणि फाईलरावांच्या अंगात वारं शिरलं. फाईलराव हे त्यांचं मित्रांनी ठेवलेलं नाव. कारखान्याच्या गोदामात नोकरी. साधा स्क्रूसुद्धा नोंद केल्याशिवाय बाहेर सोडायचे नाहीत. घरीही तीच तऱ्हा. जेवणाच्या टेबलावर आता जेवणाला जागाच उरली नव्हती. वीज आणि पाण्याचे कागद लाल फाईलीत, घरमालकाकडून अनामत परत घ्यायचे निळ्या, बँकेचे हिरव्या. बायको बिचारी ताट मांडीवर घेऊन जेवायची आणि वर त्यांना चिडवायची, "माझी फाईल कुठली हो? की मला इथेच ठेवून जाताय?"

"पिवळी," ते गंभीरपणे सांगायचे. चेष्टा त्यांना कळायला वेळ लागत असे.

पिवळ्या फाईलीत तिच्या निधीचे कागद होते. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. इस्त्रीच्या रोलरमधून गरम चादरी ओढायच्या आणि घड्या घालायच्या, उभ्याने, कामाची पाळी संपेपर्यंत. पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून या निधीत जायची, आणि देश सोडताना ती सगळी एकदम मिळायची होती. तिच्या नावावर पैसे म्हणावेत असे जगात तेवढेच. पगार नवऱ्याच्या खात्यात जमा व्हायचा. त्यातून तिकडे गावी घर झालं, ते सासूबाईंच्या नावावर. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण या पैशांतून तिला कपडे धुण्या-इस्त्रीचं छोटंसं दुकान टाकायचं होतं. मशीन कुठलं घ्यायचं, काउंटर कसा असावा, सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. फक्त अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आणि फाईलरावांनी त्याच पैशांत घराचा वरचा मजला चढवूनही टाकला होता, मनातल्या मनात, गॅलरीसकट.

निधीच्या कचेरीत तिला स्वतः हजर राहावं लागणार होतं. दोघं गेली. तिने काउंटरवर सही केली. शाळेत शिकवली होती तशीच, सुटी सुटी गोल अक्षरं. कारकून बाईंनी ती पाहिली, संगणकाच्या पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिली.

"सही जुळत नाही."

तिने पुन्हा केली. पुन्हा नाही जुळली. शेवटी बाईंनी पडदाच तिच्याकडे वळवला. तिथे तिचं नाव होतं, धावत्या, तिरप्या अक्षरात, आणि खाली एक लांबलचक झोकदार रेघ. ते अक्षर तिला चांगलं माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या डाळी-तांदळाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर रोज पाहत होती.

फाईलरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "आज हात दुखतोय माझा. उद्या येते."

बसने दोघं घरी आली. दार लावताच तिने विचारलं.

"किती वेळा केलीत?"

"दर वेळी. अगं, कचेरी उघडी असायची तेव्हा तू कामावर. निधीचे कागद वेळेत नको जायला?"

"आणि ती रेघ? ती कशाला?"

फाईलराव घुटमळले. "तुझी सही फार बारीक वाटायची मला. म्हटलं, जरा वजन यावं."

यावर रागवावं की हसावं हे तिला कळेना. या माणसाने स्वतःच्या सहीखाली कधी साधी रेघ ओढली नव्हती. आणि हिच्या नावाला एवढी ऐट!

मग ते कामाला लागले. कधी नव्हे ते टेबल रिकामं केलं, कोरे कागद मांडले आणि तिला बसवलं. "उद्या तू अशीच कर. थोडं गिरवलंस की हात बसेल. हे बघ, इथून उचलायचा, इथे वळवायचा. मान तिरपी... तुझी नाही गं, अक्षराची!"

ती खळखळून हसली. चार-दोनदा गिरवलंसुद्धा. पाचव्यांदा पेन टेबलावर आपटलं.

"माझीच खोटी सही मी शिकतेय. तीही तुमच्याकडून!"

त्याच झटक्यात तिने पिवळ्या फाईलीतून भरलेला अर्ज बाहेर ओढला. खाते क्रमांकाच्या रकान्यात त्यांचा क्रमांक होता, सुबक आकड्यांत.

"हे काय?"

"वरचा मजला," ते म्हणाले. "आपला."

तेव्हा तिने दुकानाचं सांगितलं. मशीनचं, काउंटरचं, सगळं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. शेवटी तिने विचारलं, "मला एकदा तरी विचारलंत?"

"नाही," ते म्हणाले. तेवढा खरेपणा त्यांच्यात होता. "मला वाटलं, आपलं सगळं एकच आहे."

"एकच आहे. पण तो एक दर वेळी तुम्हीच असता."

गिरवलेले कागद त्यांनी गोळा केले, आणि कुठल्याच फाईलीत न ठेवता फाडून टाकले.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर ती तोंड उघडणार, तोच ते पुढे झाले. कान लालबुंद झाले होते. "बाई, त्या सह्या मी केल्यात. हिला ठाऊकही नव्हतं. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. तिचा पासपोर्ट मागितला, त्यावरची सही पाहिली. तिथे तीच सुटी, गोल अक्षरं होती. "असं करणारे तुम्ही पहिले नाही," त्या कोरडेपणाने म्हणाल्या, आणि सही बदलण्याचा अर्ज पुढे सरकवला. "पण आता तुम्ही निघण्याआधी पैसे मिळायचे नाहीत. मागाहून पाठवू. खाते क्रमांक?"

फाईलरावांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"माझं खातं अजून उघडायचंय," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर उघडते आणि कळवते."

बाईंनी रकाना मोकळा सोडला. मनातली गॅलरी तिथेच कोसळली असणार. पण फाईलरावांनी मान डोलावली. तिला ते दिसलं. तिच्या जिवात जीव आला.

तिने सही केली. बाईंनी पेन फाईलरावांकडे दिलं. "खाली साक्षीदाराची. तुम्ही करा."

कागद समोर आला, पेन हातात आलं, आणि हात आपोआप चालू लागला. धावतं, तिरपं अक्षर, खाली झोकदार रेघ.

"अहो!" बाई ओरडल्या. "परत हिचीच?"

फाईलरावांनी कपाळाला हात लावला. तिला मात्र हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि त्या पाण्यात हसण्याखेरीज दुसरंही काही होतं.

"दुसरा अर्ज द्या," ती बाईंना म्हणाली. "मी पुन्हा करते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही नीट बघा हो या वेळी."

ती हळूहळू सही करू लागली. फाईलराव वाकून एकेक अक्षर उमटताना बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिला सही करताना पाहिलंच नव्हतं. खाली छापलं होतं, 'वरील सही माझ्यासमोर केली आहे.' ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, लहान अक्षरात, रेघ न ओढता.