विणारी मेंढी

मुख्याध्यापक त्रिंबक सरांनी टेबलावरची मातीची मेंढी उचलली, मागून पाहिली आणि घाईघाईनं कपाटात ठेवून दार लावलं.

“हे उद्या प्रदर्शनात नको, मॅडम. शिक्षणाधिकारी साहेब येणारेत. पालकही असतील.”

चौथीच्या वर्गात सोमवारपासून चैतालीमॅडमचा सर्जन सप्ताह चालला होता. कागदाचे मुखवटे झाले, पानांचे ठसे झाले, मुलांनी स्वतः रचलेली गाणी झाली. काल मातीकाम. ‘मी डोळ्यांनी पाहिलेलं’ हा विषय तिनंच दिला होता. बाकीच्यांनी गणपती केले, मोटारी केल्या. मायाक्काचा बाप एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला असला, तरी तिची सुट्टी मंगळवेढ्याकडं आजाच्या मेंढरांत जायची. तिनं विणारी मेंढी केली. कोकराचे दोन पाय बाहेर आलेले, त्यांवर टेकलेलं नाक.

सरांनी तिला पुढं बोलावलं.

“नुसती मेंढी ठेव. मागचं काढून टाक.”

“का, सर?”

“बरं दिसत नाही.”

“मग पिल्लू कुटनं येनार?”

वर्ग हसला. मायाक्का हसली नाही. “मी न्हाय काडनार,” ती म्हणाली.

“मॅडम, तुम्ही सांगा तिला.”

चैतालीची शिक्षणसेवकाची तीन वर्षं जूनमध्ये संपत होती. कायम होण्यासाठी लागणारा शेरा सरच लिहिणार होते.

“मी नाही सांगणार, सर. तिनं पाहिलं तेच केलंय.”

सर तडक निघून गेले.

शनिवारी प्रार्थनेआधीच चैतालीनं कपाट उघडलं आणि मेंढी टेबलाच्या मधोमध मांडली. सर दारातून पाहत होते. ती बाजूला सरली नाही.

साहेब आले ते नेमके मेंढीशेजारी उभ्या मायाक्कापाशीच थांबले.

“हे काय गं?”

“मेंढी विती हाय. आदी पाय येत्यात, मग तोंड. नुसतं तोंडच आलं तर लई अवगड.”

एका बाईनं पदर तोंडाला लावला. साहेबांनी चष्मा काढला. “मग काय करतात?”

मायाक्कानं मान वर करून मॅडमकडं बघितलं. ते तिनं पाहिलं नव्हतं. चैतालीलाही ठाऊक नव्हतं.

“डोकं हळूच मागं लोटायचं,” मागून आवाज आला. “तेलाचा हात आत घालायचा. पाय हुडकायचे.”

सगळे वळले. त्रिंबक सर मेंढीकडं पाहत होते, साहेबांकडं नाही.

“तुमी केलंय, सर?”

“व्हय.”

शाळेत त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. साहेब पुढच्या टेबलाकडं वळले. सर हलले नाहीत.

“कितवीत होता तवा?” मायाक्कानं विचारलं.

सरांनी कोकराच्या पायांना बोट लावलं.

“चौथीत.”